मुलांचा दुमजली पलंग : माया आणि माप

व्यापाऱ्याचे जीवन मापावर चालते. कापडाच्या दुकानात गज, धान्याच्या पेढीवर काटा, सराफाच्या हाती तराजू, आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बोदाचे वजन. माप सुटले की पेढी सुटली, असेच आपले वाडवडील सांगत आले. तथापि हाच व्यापारी दुकानाची पायरी उतरून घरात आला, आणि मुलाबाळांसाठी काही खरेदी करण्याची वेळ आली, की तो आपले माप खुंटीला टांगून ठेवतो. तेथे त्याच्या हाती केवळ माया असते. मायेला माप नसते हे खरेच. परंतु मायेने घेतलेल्या वस्तूला माप असावेच लागते. हा धडा प्रस्तुत लेखकाने आपल्या घरातच, आणि तोही थोडी किंमत मोजून, घेतला आहे. आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत व्यापार, कर आणि बाजारपेठ यांवर जाणकारांनी लिहिलेच असेल. आम्ही येथे एका घरगुती वस्तूविषयी चार शब्द लिहिणार आहोत. ती वस्तू म्हणजे मुलांचा दुमजली पलंग, ज्याला आज बाजारात सर्रास बंक बेड म्हणतात.

जमिनीवरची शेज

आमच्या पिढीने पलंग लग्नात पाहिला. तोवर जाजम, त्यावर सतरंजी, वर आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, आणि थंडीत घोंगडे, एवढाच शेजेचा सरंजाम असे. माजघरात दहा मुले ओळीने झोपत आणि सकाळी वळकट्या कोपऱ्यात रचल्या की तेच माजघर पुन्हा जेवणघर होई.

घर सोडून शिकावयास गेलेल्या मुलांचीही तीच रीत होती. आपल्या या भागाला वसतिगृहांची मोठी परंपरा लाभली आहे. निपाणीजवळच्या स्तवनिधी येथे १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, आणि पुढे कोल्हापूर, सांगली, बेळगाव येथे बोर्डिंगे उभी राहिली. बेळगावचे माणिकबाग बोर्डिंग तर आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांत घरासारखेच मानले जाते. कुंभोजच्या बाहुबलीस १९३४ साली ब्रह्मचर्याश्रम निघाला. खेड्यातून येणारा मुलगा त्या काळी एक पत्र्याची ट्रंक व एक वळकटी घेऊन अशा बोर्डिंगात दाखल होई. रात्री वळकटी उलगडावी, पहाटे गुंडाळावी. या शेजेत सुख फार नव्हते. पावसाळ्यात जमिनीची ओल लागे, थंडीत पाठ गारठे, विंचूकाट्याचे भय असे. परंतु तिच्यात एक मोठा गुण होता. जमिनीवर झोपलेले मूल कोठेही पडत नाही. त्यास पडण्यास जागाच नसते.

मूल उंचावर निजवू लागलो, तेव्हा ती जमिनीची निर्धास्तता आपण सोडली. तिच्या बदल्यात जे करावयास हवे, ते मात्र आपण सर्वांनी केलेच आहे असे नाही.

पलंग का उंचावला

दुमजली पलंगाची कल्पना काही नवी नाही. जहाजांवर, सैन्याच्या बराकींत आणि आगगाडीत माणसे एकावर एक निजत आलीच आहेत. मिरजेहून बेळगावमार्गे बंगळूरला रात्रीच्या गाडीने जाणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना वरच्या बर्थची सवय आहे. त्या सवयीमुळेच आपल्याला घरातील वरचा पलंग धोक्याचा वाटत नसावा. परंतु गाडीत वरच्या बर्थवर आपण स्वतः चढतो आणि लहानग्याला खालच्या बर्थवर आईच्या कुशीत देतो. घरात मात्र नेमके उलट होते. मोठी माणसे जमिनीलगत निजतात आणि आठ वर्षांचे पोर आढ्याखाली जाऊन झोपते.

गरज मात्र खोटी नाही. खडेबाजार वा गणपत गल्लीतील जुन्या घरांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तशा खोल्या निम्म्या झाल्या. टिळकवाडी-हिंदवाडीकडे सदनिका घ्यावी, तर मुलांच्या वाट्यास दहा फूट बाय बारा फुटांची एक खोली येते. तीत दोन मुले, दोन दप्तरे, अभ्यासाचे टेबल, कपाट आणि सुटीत येणारी आत्याची मुले! सहा फूट बाय तीन फूट जागेत दोघांची सोय करणारा पलंग अशा घराला वरदान वाटतो यात नवल नाही. मुलांनाही तो फार प्रिय असतो, कारण वरचा मजला त्यांना किल्ला वाटतो. आम्ही या पलंगाच्या विरुद्ध नाही. आमच्या घरी तो आजही आहे. फक्त तो घरात कसा आणावा, एवढेच सांगावयाचे आहे.

आमच्या घरची गोष्ट

आमच्या दोन नातवांसाठी चिरंजीवाने गावातीलच एका वेल्डरकडून लोखंडी दुमजली पलंग करवून घेतला. कारागीर समजदार होता. त्याने वरच्या मजल्याच्या फळीपासून दहा इंच उंचीचा कठडा चारी बाजूंनी बसवला. त्यावर घरची कापसाची चार इंची गादी घातली. म्हणजे गादीच्या वर सहा इंच कठडा शिल्लक राहिला. दोन वर्षे मुले सुखाने झोपली.

नंतर दिवाळी आली. थोरला नातू, वय वर्षे दहा, खालच्या मजल्यावर निजे. धाकटा, वय वर्षे सात, हट्टाने वर गेला होता. त्याची गादी बसून कठीण झाली असे आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानात आले, आणि आम्ही आजोबा या नात्याने मोठ्या हौसेने आठ इंच जाडीची फोमची गादी आणून वर चढवली. दुकानदाराने ती आम्हाला दाबून दाखवली, आम्हीही दाबली. किंमत मोजली, मऊपणा तपासला. जन्मभर खिशात टेप घेऊन कापड मोजणाऱ्या माणसाने जाडी मात्र मोजली नाही. दहा इंचांतून आठ गेले. कठडा उरला दोन इंच.

पाचव्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास धप्प असा आवाज झाला. मुलगा झोपेत कुशीवर वळला आणि पाच फुटांवरून फरशीवर आला. डोके वाचले, ही पुण्याई. गळ्याजवळचे हाड मात्र मोडले. तीन आठवडे हात गळ्यात बांधून तो शाळेत गेला. आम्ही रागाच्या भरात कारागिरास बोलावले. त्याने पलंगाकडे पाहिले, गादीकडे पाहिले आणि अत्यंत नम्रपणे विचारले, “शेठजी, कठडा मी बरोबर दिला होता. ही गादी कोणी आणली?” आम्ही निरुत्तर झालो. मुलाने मात्र आम्हाला दोष दिला नाही. तो म्हणाला, “आज्जा, गादी लई मऊ आहे. पण मी आता खालीच झोपतो.”

पलंग उत्तम होता, गादी उत्तम होती आणि आमचा हेतूही उत्तम होता. तीन उत्तम गोष्टी एकत्र येऊन एक अपघात झाला, कारण त्यांचा एकमेकींशी हिशेब कोणी घातला नव्हता. त्यानंतर आम्ही या विषयाची जी माहिती मिळवली, ती पुढे देत आहोत.

कठडा आणि वय

अमेरिकेतील संशोधकांनी १९९० ते २००५ या सोळा वर्षांतील नोंदी तपासून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे त्या काळात दुमजली पलंगामुळे जखमी होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या मुला-तरुणांची संख्या सुमारे ५ लाख ७२ हजार, म्हणजे वर्षाला सरासरी ३६ हजार होती. चारांपैकी जवळजवळ तीन पडून जखमी झाले होते, आणि निम्मी मुले सहा वर्षांच्या आतील होती. म्हणूनच त्या देशात व युरोपातही वरचा मजला सहा वर्षांखालील मुलाला देऊ नये असे स्पष्ट सांगितलेले असते. लहान मुलाला झोपेतून अर्धवट जाग आली की आपण कोठे आहोत याचे भान नसते, शरीराच्या मानाने डोके जड असते आणि तोल आवरत नाही. “आमचा बंड्या पाच वर्षांचा, पण मोठा चलाख” हे आजीचे प्रशस्तिपत्र रात्री तीन वाजता उपयोगी पडत नाही.

अमेरिकेत २००० सालापासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे वरच्या मजल्याच्या कठड्याचा माथा गादीच्या पृष्ठभागापासून किमान ५ इंच उंच असला पाहिजे. युरोपातील मानक याहून काटेकोर असून ते सुमारे १६ सेंटीमीटर, म्हणजे सव्वासहा इंच मागते. आमच्या मते सहा इंचांचे माप धरून चालावे. कठडा फळीपासून नव्हे तर गादीपासून मोजावयाचा, ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी. चार इंच गादी असेल तर कठडा फळीपासून दहा इंच. सहा इंच गादी हवी असेल तर कठडा बारा इंच. गादी बदलली की हिशेब नव्याने घालावा.

भिंतीकडील बाजू

“एका बाजूस भिंत आहे, मग तिकडे कठडा कशाला?” असा प्रश्न अनेकजण विचारतात आणि तेवढाच लोखंडाचा खर्च वाचवतात. अमेरिकेतील नियम दोन्ही बाजूंस कठडा मागतो. भिंतीकडचा तर सलग, मध्ये खंड नसलेला. याचे कारण बेळगावच्या माणसाला अधिक पटावे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते. अंथरूण ओलसर होऊ नये म्हणून गृहिणी पलंग वीतभर पुढे ओढते, आणि तो तसाच राहतो. ती वीतभर फट ही उघड्या बाजूपेक्षाही वाईट असते. उघड्या बाजूने मूल पडले तर आवाज होतो, घर जागे होते. भिंत आणि पलंग यांच्या फटीत सरकलेले मूल आवाज न करता अडकते आणि त्याचा श्वास कोंडू शकतो. म्हणून पलंग एक तर भिंतीला घट्ट टेकलेला आणि स्क्रूने जखडलेला असावा, किंवा ओढलेला असला तर त्या बाजूस पुरा कठडा असावा.

फटीचे माप हाही या विषयातील मुख्य भाग आहे. कठड्याच्या खाली किंवा गजांच्या मध्ये साडेतीन इंचांहून मोठी मोकळी जागा वरच्या मजल्यावर नसावी. खालच्या मजल्याच्या डोक्याकडील व पायाकडील बाजूंस साडेतीन ते नऊ इंचांच्या दरम्यानची फट सर्वांत घातक समजली जाते, कारण तीतून मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. आपला वेल्डर नक्षीसाठी सूर्यकिरण, मोर, पतंग अशा आकृती कठड्यात घालून देतो. त्या दिसतात सुरेख, परंतु त्यांतील मोकळ्या जागा कोणी मोजत नाही. सरळ उभे गज, तीन-तीन इंचांवर, हीच उत्तम नक्षी होय. चढण्यासाठी कठड्यात ठेवलेली वाट पंधरा इंचांहून रुंद नसावी.

डोक्यावरचा पंखा

परदेशी पुस्तकांत थोडक्यात आटोपलेला पण आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा असा धोका म्हणजे छताचा पंखा. येथे थोडे गणित करू. दहा फूट बाय बारा फुटांची खोली, मध्यभागी नेहमीचा ४८ इंची पंखा. पंख्याचा मध्य दोन्ही लांब भिंतींपासून पाच-पाच फुटांवर आला. पाते मध्यापासून दोन फूट फिरते. म्हणजे त्याचे टोक भिंतीपासून तीन फुटांवर येते. भिंतीलगत ठेवलेल्या पलंगाची रुंदीही तीन फूट! पलंगाची कड आणि पात्याचे टोक एकाच रेषेत आले.

आता उंची पाहू. वरच्या गादीचा पृष्ठभाग जमिनीपासून पाच फूट. सात वर्षांचे मूल साधारण चार फूट. ते गादीवर उभे राहिले की डोके नऊ फुटांवर. हात उंचावला की दहा फुटांवर. दहा फूट उंचीच्या खोलीत पंख्याची पाती जवळपास नऊ फुटांवर फिरतात. याहून अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही. ऑस्ट्रेलियात ग्राहकांना दिलेल्या सूचनांत पलंग आणि छताचा पंखा यांत किमान दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट अंतर ठेवावे असे म्हटले आहे. एवढे अंतर आपल्या लहान खोल्यांत मिळणे कठीण. तेव्हा पलंग पंख्यापासून दूरच्या कोपऱ्यात न्यावा; तेही साधत नसेल तर त्या खोलीतील छताचा पंखा उतरवून जाळीचा भिंतपंखा मुलाच्या हातास लागणार नाही अशा ठिकाणी बसवावा. पंखा तसाच ठेवून “उभा राहू नकोस” एवढे सांगण्यावर भिस्त ठेवू नये. किल्ल्यावर चढलेला शिपाई उभा राहतोच.

जुन्या कौलारू घरांत छत उतरते असते आणि मध्ये तुळई येते. वरच्या गादीपासून छतापर्यंत किंवा तुळईपर्यंत किमान तीन फूट जागा असेल तरच मुलाला नीट उठून बसता येते. पलंग खिडकीला लावू नये. लावावाच लागला तर खिडकीस मजबूत गज असावेत. विजेचे बटण, दिव्याची वायर, पडद्याची दोरी वरून हाताशी येऊ नये.

याच ठिकाणी मच्छरदाणीविषयी सांगितले पाहिजे. खालच्या मजल्यास मच्छरदाणी सहज लागते. वरच्यास मात्र दोऱ्या ताणाव्या लागतात, आणि उंचावर मुलाच्या गळ्याशी लोंबणारी दोरी ही फासाप्रमाणेच समजावी. त्यापेक्षा खोलीच्या खिडकीला जाळी बसवावी. त्याच कारणास्तव कठड्याला उड्या मारावयाच्या दोऱ्या, ओढण्या, टॉवेल, दप्तराचे पट्टे कधीही अडकवू नयेत.

शिडी

वेल्डर गोल पाइपच्या पायऱ्या करतो, कारण त्या सोप्या पडतात. अनवाणी पायाच्या तळव्याला त्या रुततात आणि ओल्या पायाने घसरतात. पायरी सपाट, किमान तीन बोटे रुंद आणि समान अंतरावर असावी. शिडी पलंगाला बोल्टने जखडलेली असावी. टेकवून ठेवलेली शिडी नको. थोडी जागा असेल तर तिरप्या पायऱ्या व त्याखाली खण ही योजना सर्वांत चांगली. रात्री लघवीला उठणारे मूल झोपेत शिडी उतरते, म्हणून एक मंद दिवा सतत असावा. वीज गेली तर चालणारा असल्यास उत्तम. ताप आलेले, चक्कर येणारे किंवा झोपेत चालणारे मूल खालीच झोपवावे.

गादी, हवा आणि ढेकूण

सुरक्षिततेबरोबर सुखाचाही विचार हवाच. कारण अंथरूण सुखाचे नसेल तर मूल रात्रभर वळत राहते. तथापि मुलाचे सुख म्हणजे मऊपणा नव्हे. वाढत्या अंगाला सपाट व थोडी घट्ट गादी मानवते. वरच्या मजल्यासाठी चार इंची कापसाची वा काथ्याची गादी पुरेशी आहे. कापूस बसला तर पिंजून घ्यावा. जाडी वाढवू नये. गादीची लांबी-रुंदी चौकटीत नेमकी बसावी, कडेला बोटे जातील एवढीही फट राहू नये. पलंगाची लांबी सहा फुटांहून कमी घेऊ नये. “लहान मुलांचा” म्हणून पाच फुटी पलंग घेणाऱ्याला चार वर्षांत दुसरा घ्यावा लागतो.

गादीखाली अखंड प्लायवूड घातले तर पावसाळ्यात खालून बुरशी धरते. लाकडी पट्ट्या तीन इंचांहून कमी अंतरावर ठेवाव्यात आणि त्या स्क्रूने बसवाव्यात. नुसत्या ठेवलेल्या पट्ट्या खालच्या भावाने पाय मारले की उचकटतात आणि वरचा भाऊ खाली येतो. उन्हाळ्यात गरम हवा वर जाते, म्हणून वरच्या मुलास चैत्र-वैशाखात अधिक उकडते. समोरासमोरच्या झरोक्यांनी वारा खेळता ठेवावा.

दुमजली पलंगाला सांधे फार, म्हणून ढेकणांना घरे फार. जीवहिंसा टाळण्याची ज्या घरांची रीत आहे, त्यांनी येथे अधिकच दक्ष राहावे. कारण ढेकूण झाल्यावर मारावे की सोसावे हा पेच पडण्यापेक्षा ते होऊच न देणे हाच खरा यत्नाचार. प्रवासातून आलेले सामान पलंगावर ठेवू नये, सांध्यांतील भेगा लांबीने भराव्यात, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात आणि गादीला वरचेवर उन्हात घालून तिची शिवण नीट पाहावी.

लाकूड की लोखंड

खानापूर-दांडेलीच्या जंगलांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या भागात सागवानाची थोरवी सांगावयास नको. सागवानी पलंग पिढीजात टिकतो, किंमतही तशीच. लोखंडी चौकोनी पाइपचा पलंग स्वस्त पडतो, मात्र पाइप पातळ पत्र्याचा नसावा, वेल्डिंगचे तीक्ष्ण कोपरे घासून घेतलेले असावेत आणि गंजाविरुद्ध रंग नीट लावलेला असावा. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे पलंग दुकानात देखणे दिसतात. परंतु आपल्या दमट पावसाळ्यात ओल लागली की त्या फुगतात आणि स्क्रूची पकड सुटते. उंच वस्तूस ही उणीव परवडणारी नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली दुमजली पलंगांसाठी आयएस १७६३६ हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले आहे. तयार पलंग घेताना त्याप्रमाणे चिन्हांकित आहे काय, हे विचारण्यास संकोच करू नये. आपण ग्राहकाच्या प्रश्नांना उत्तरे देतो, तसे प्रश्न विचारण्याचाही आपल्याला अधिकार आहे.

पलंग घरी आल्यावर एक परीक्षा अवश्य घ्यावी. दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावा. कुरकुर होता कामा नये. नंतर, पलंग मोठ्या माणसाचे वजन सोसतो असे विक्रेत्याकडून जाणून घेऊन, मुलाच्या वडिलांनी एक रात्र स्वतः वर झोपावे. कठडा किती, पंखा कोठे, शिडी कशी, उकाडा किती, हे सारे त्या एका रात्रीत कळते.

दुसऱ्यांच्या मुलांसाठी

आपल्या मंडळींच्या दातृत्वामुळे अनेक वसतिगृहांना खाटा, गाद्या, पंखे मिळत असतात. हल्ली जागेच्या टंचाईमुळे तेथेही दुमजली पलंगांची मागणी येते. देणगीची रक्कम ठरलेली असते आणि पलंगांची संख्या अधिक दिसावी असे दात्यास स्वाभाविकपणे वाटते. मग कठडा सहा इंचांवरून तीन इंचांवर येतो, पाइप पातळ होतो, आणि नामफलक मात्र जाड पितळेचा होतो! कुंभोजचे सुपुत्र कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहातील मुलांसाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. परक्याच्या मुलाला आपले मानणे याचा अर्थ त्यांच्या पिढीने असा दाखवून दिला. आपण निदान एवढे करावे, की जो कठडा आपल्या नातवास लावू, तोच बोर्डिंगातील मुलास लावू. चाळीस कमकुवत पलंगांपेक्षा पंचवीस भक्कम पलंग द्यावेत.

वसतिगृहातील मुले मोठी असतात, त्यांना काय होते, हा समजही सोडावा. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन अभ्यासात अठरा ते एकवीस वर्षांच्या तरुणांत जखमींचे प्रमाण पुन्हा वाढलेले आढळले. त्यांच्या महाविद्यालयीन वसतिगृहांत असे पलंग असतात, हे संशोधकांनी त्याचे एक संभाव्य कारण मानले आहे.

ध्यानात ठेवण्याची मापे

१. वरचा मजला सहा वर्षे पूर्ण झाल्यावाचून नाही.
२. कठडा गादीच्या वर सहा इंच, दोन्ही बाजूंस.
३. वरची गादी चार इंच. बदलल्यास कठडा पुन्हा मोजणे.
४. वरच्या मजल्याच्या कठड्यातील फट साडेतीन इंचांहून कमी. भिंतीशी फट नाही.
५. गादीपासून छत किंवा तुळई किमान तीन फूट. पंखा साडेसहा फूट दूर, नाहीतर भिंतपंखा.
६. शिडी जखडलेली, पायरी सपाट, रात्री दिवा.
७. वर एका वेळी एकच मूल. पलंगावर खेळ व उड्या नाहीत.

दुकानातील वजने-मापे ठराविक काळाने तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात. त्यासाठी सरकारी निरीक्षक आहे. मुलाच्या पलंगाला घरात निरीक्षक नाही. घरातील कर्त्याने ते काम पत्करावे. दिवाळीत वहीपूजनापूर्वी दुकानाची झाडलोट होते, त्या दिवशी एक पाना घेऊन मुलांच्या खोलीत जावे, पलंगाचा प्रत्येक बोल्ट आवळावा आणि टेपने कठडा मोजावा. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या वेळी पुन्हा एकदा. अर्ध्या तासाचे काम आहे.

आमच्या घरी आता वरच्या मजल्यावर थोरला निजतो आणि खाली धाकटा. कठडा कारागिराकडून वाढवून घेतला; आठ इंची गादी खाली आली, आणि वर जुनीच कापसाची गादी पिंजून घातली. धाकट्याचे हाड उत्तम जुळले आहे. परंतु रात्री त्या खोलीवरून जाताना आमचा हात अजूनही नकळत खिशातील टेपकडे जातो. आपल्या सर्वांच्या घरांतील मुलांना निर्धास्त झोप लाभो, आणि आपल्याला ती पहाटे धप्प आवाजाने मोडलेली न पाहावी लागो, एवढीच या निमित्ताने प्रार्थना.